बिनसहीचे अर्थशास्त्र

स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही मार्गदर्शकात एका गुणाचा एक प्रश्न हमखास सापडतो: आर्थिक नि:सारणाचा सिद्धांत कोणी मांडला? उत्तर दादाभाई नौरोजी. २ मे १८६७ रोजी लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी वाचलेला निबंध, मग १८७६ मधले हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचे लेखन, आणि १९०१ चा तो जाडजूड ग्रंथ. विद्यार्थी असताना हे उत्तर लिहून मी गुण मिळवले, आणि पुढे शिकवू लागल्यावर पुष्कळ वर्षे हेच उत्तर फळ्यावर लिहीत राहिलो. उत्तर चूक नाही. हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये असल्याचा हिशेब मांडून दादाभाईंनी त्या विचाराला जे वजन दिले, ते आधी कोणी दिले नव्हते. पण त्या एका उत्तरामुळे माझ्या विद्यार्थ्यांचा असा समज होत गेला की १८६७ पूर्वी आपली लूट होते आहे हे इथे कोणाला कळलेच नव्हते, आणि ते कळण्यासाठी लंडनला जावे लागले. या संग्रहातले लेखन वाचल्यावर तो समज टिकत नाही.

१८४१ साली मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ओळीने आठ पत्रे छापून आली. दादाभाई तेव्हा सोळाव्या वर्षाच्या आसपास होते आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत होते. पत्रांखाली लेखकाचे नाव नव्हते. ‘ए हिंदू’ एवढीच सही. लिहिणारा त्याच संस्थेत शिकून बाहेर पडलेला पंचविशीतला तरुण होता, भास्कर पांडुरंग तर्खडकर. मराठी वाचकाला तर्खडकर म्हटले की दादोबा आठवतात, त्यांचे १८३६ चे व्याकरण आठवते. समाजसुधारणेच्या इतिहासाचा वाचक असेल तर प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष डॉ. आत्माराम पांडुरंग आठवतात. या दोघांच्या मधला भाऊ १८४७ मध्ये ऐन तिशीत वारला. त्याच्यामागे ना व्याकरण राहिले, ना समाज. राहिली ती वर्तमानपत्राच्या पिवळ्या पडलेल्या अंकांतली ही आठ पत्रे.

ती आज वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो राग. कंपनी सरकारने आम्हांला पेंढाऱ्यांच्या त्रासातून सोडवले, हे इंग्रज लेखकांचे आवडते वाक्य. १८१७-१८ चे पेंढाऱ्यांविरुद्धचे युद्ध होऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. ज्यांनी पेंढाऱ्यांच्या भीतीने घरदार सोडले होते अशी माणसे अजून हयात होती. अशा वाचकांसमोर हा तरुण म्हणतो की पेंढाऱ्यांनी पाच-सहा शतके लूटमार करूनही जेवढे नेले नसते, तेवढे तुमच्या व्यापाराच्या रीतीने थोड्या वर्षांत आमच्या गाठीचे गेले. हे वाचून पुष्कळजण थांबतात ते त्यातल्या धिटाईपाशी. मला त्यातला अर्थशास्त्राचा धागा त्याहून मोलाचा वाटतो. पेंढारी येतो, लुटतो आणि जातो. पुढच्या हंगामात रान पुन्हा पिकते, चार वर्षांत गाव सावरते. जी वसुली सालोसाल, कायद्याने, हिशेबाच्या वहीत नोंद होऊन जाते, तिच्यातून सावरायला हंगामच मिळत नाही. एकरकमी नुकसान आणि अखंड वाहत राहणारे नुकसान यांतला हा फरक पाठ्यपुस्तकात स्वतंत्र व्याख्या देऊन शिकवतात. तर्खडकरांनी तो पेंढाऱ्याचे उदाहरण घेऊन दाखवला, आणि तो वाचकाला एका दमात कळला.

त्या वाहत्या नुकसानीचा एक ठळक आकडा त्या काळात उघड छापलेला होता. १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार बंद झाला. व्यापार नाही म्हणजे नफा नाही, आणि नफा नाही म्हणजे भागधारकांना लाभांश कुठून द्यायचा? कायद्याने त्याची सोय केली. साठ लाख पौंडांच्या भांडवलावर साडेदहा टक्के, म्हणजे दरसाल ६ लाख ३० हजार पौंड, हिंदुस्थानच्या महसुलातून चाळीस वर्षे द्यायचे. रुपयाला सुमारे दोन शिलिंग या तेव्हाच्या दराने हे दरसाल ६३ लाख रुपये होतात. खानदेशातल्या कुणब्याने भरलेला सारा लंडनमधल्या अशा माणसाच्या खिशात जात होता, ज्याने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता आणि ज्याची कंपनी आता काही विकतही नव्हती. याशिवाय निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, लंडनच्या कचेरीचा खर्च, कर्जावरचे व्याज. या सगळ्याच्या बदल्यात मालाचे एक गाठोडेही बंदरावर उतरत नसे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा विचार जगात सर्वांत आधी तर्खडकरांनाच सुचला असा दावा मी करणार नाही. राममोहन रॉय यांनी १८३१ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे दिलेल्या उत्तरांत या प्रश्नाला हात घातला होता. माँटगोमेरी मार्टिन या इंग्रज लेखकाने १८३८ मध्ये हिशेबच करून दाखवला: दरसाल तीस लाख पौंड, तीस वर्षे, बारा टक्के चक्रवाढ व्याजाने धरले तर रक्कम ७२ कोटी पौंडांवर जाते. मी तो हिशेब पुन्हा मांडून पाहिला, तो बरोबर येतो. पहिला कोण, ही शर्यत लावण्यासाठी हा संग्रह नाही. मुंबईत, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी, राज्यकर्त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच वर्तमानपत्रात हा वाद उभा केला, ही घटना आपल्या विचारांच्या इतिहासात जागेवर बसवायची आहे. इतिहासकार जे. व्ही. नाईक यांनी हे काम अनेक वर्षे चिकाटीने केले. दादाभाईंच्या पूर्वसुरींवरचा त्यांचा २००१ मधला लेख नसता तर मी आजही फळ्यावर जुनेच उत्तर लिहीत असतो.

त्याच १८४१ च्या २४ ऑक्टोबरला भाऊ महाजनांनी, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे यांनी, ‘प्रभाकर’ साप्ताहिक सुरू केले. इंग्रजीत पेटलेला वाद आता मराठीत उतरला. आणि दोनच वर्षांनी, १८४३ मध्ये, एक पुस्तक निघाले. त्याचे नाव पुरते वाचण्यासारखे आहे: ‘हिंदुस्थानची प्राचीन व सांप्रतची स्थिती व पुढे काय त्याचा परिणाम होणार याविषयी विचार’. लेखक रामकृष्ण विश्वनाथ. आडनाव नाही, गाव नाही, चरित्र नाही. मराठीतले हे आर्थिक विचारांचे पहिलेवहिले पुस्तक मानले जाते, आणि त्याच्या कर्त्याची ओळख वडिलांच्या नावापाशी संपते.

शीर्षकातले तीन काळ बघा. प्राचीन स्थिती सांगणारे पुस्तक त्या काळात कोणीही लिहिले असते, सांप्रतच्या स्थितीवर रडणारेही पुष्कळ होते. ‘पुढे काय त्याचा परिणाम होणार’ हा प्रश्न मात्र वेगळ्या बुद्धीचा आहे. एक कारण हाती धरून त्याचा पुढचा परिणाम काय होईल हे विचारणे, हेच तर अर्थशास्त्राचे काम. आणि रामकृष्ण विश्वनाथांचा रोख संपत्ती बाहेर जाते एवढे सांगण्यावर थांबत नाही. इथल्या माणसाने यंत्रे हाती घ्यावीत, उद्योग उभारावेत, व्यापारात उतरावे, असा तो पुढे सरकतो. मुंबईतली पहिली कापडगिरणी उभी राहायला अजून दहा-बारा वर्षे अवकाश होता.

या पिढीपुढे आणखी एक अडचण होती, तिचा विचार आपण क्वचित करतो. ज्या शास्त्राबद्दल बोलायचे त्याला मराठीत नावच नव्हते. लोकहितवादींनी १८४९ मध्ये इंग्रजी पुस्तकाच्या आधाराने जे पुस्तक केले त्याला ‘लक्ष्मीज्ञान’ म्हटले. हरि केशवजींच्या १८५४ च्या पुस्तकाचे नाव ‘देशव्यवहार व्यवस्था’. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ आली, आणि तिसरा शब्द टिकला. कौटिल्याच्या ग्रंथाचे हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती आले १९०५ मध्ये, ते छापले गेले १९०९ मध्ये. म्हणजे कृष्णशास्त्रींनी हा शब्द योजला तेव्हा तो ग्रंथ त्यांच्यासमोर नव्हता. मला स्वतःला ‘देशव्यवहार’ हा शब्द मागे पडला याची हळहळ वाटते. त्यात देश होता आणि व्यवहारही होता. ‘अर्थशास्त्र’ म्हटल्यावर विद्यार्थी आधी घाबरतो आणि मग पाठ करतो.

लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’मध्ये १८४८ ते १८५० या काळात आली. परदेशी माल घेऊ नका, जाडेभरडे का असेना पण इथले कापड वापरा, हा त्यांतला आग्रह वंगभंगाच्या चळवळीच्या अर्धशतक आधीचा आहे. ती पत्रे आजही वाचली जातात, ती मुख्यतः धर्म आणि जातीवरच्या टीकेसाठी, म्हणून त्यांच्यावर इथे मी जास्त लिहीत नाही.

मला जास्त थांबायचे आहे ते गणेश व्यंकटेश जोशी यांच्यापाशी. १८५१ ते १९११ हा त्यांचा जीवनकाळ. सरकारी शिक्षणखात्यात नोकरी, सोलापूरच्या हायस्कुलात हेडमास्तरी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ मध्ये त्रैमासिक सुरू केले, त्यात जोशी लिहू लागले, पण नाव न देता. ते सरकारचे नोकर होते, आणि जे लिहीत होते ते सरकारच्या धोरणाविरुद्ध होते. त्रैमासिकामागची मोठी प्रेरणा न्यायमूर्ती रानड्यांची, तेही सरकारी नोकरच. तेव्हा बिनसहीचा भारदस्त लेख दिसला की तो रानड्यांचा असेल असे वाचकाला वाटणे स्वाभाविक होते. जोशींनी ही सावली आयुष्यभर पत्करली.

त्यांचे साहित्य म्हणजे सरकारचेच अहवाल. कर-उत्पन्नाची कोष्टके, आयात-निर्यातीचे तक्ते, रेल्वेचे जमाखर्च: जी जाड पुस्तके कलेक्टर कचेरीत धूळ खात पडलेली असत, ती हा मास्तर रात्री उघडून बसे आणि त्यांतल्याच आकड्यांनी सरकारला उत्तर देई. १८८४ चा मुक्त व्यापार आणि रेल्वेविस्ताराच्या परिणामांवरचा लेख घ्या. दोन वर्षांपूर्वी, १८८२ मध्ये, सरकारने जवळजवळ सगळी आयात जकात उठवली होती. रेल्वे तर प्रगतीचे दुसरे नाव मानले जात होते, आणि आपल्याकडचे पुष्कळ सुशिक्षितही तसेच मानत. जोशी विचारतात, या रेल्वेचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो? खासगी कंपन्यांना भांडवलावर पाच टक्क्यांची हमी. धंद्यात तेवढे सुटले नाही तर फरक तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून. रूळ विलायतेचे, इंजिने विलायतेची, बडे अधिकारी विलायतेचे, व्याज विलायतेला. इंग्लंडात रेल्वे झाली तेव्हा तिने तिथले लोखंडाचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी वाढवल्या. इथे झाली तेव्हा तिनेही तेच कारखाने वाढवले, इंग्लंडातले. म्हणून रेल्वेवरचा खर्च हा हिंदुस्थानने इंग्रजी उद्योगांना दिलेले अनुदान समजावा, असा त्यांचा निष्कर्ष. आणि त्या रुळांवरून आत काय आले? बंदराच्या शहरांपुरते असलेले मँचेस्टरचे कापड थेट तालुक्याच्या बाजारात आले, आणि साळी-कोष्ट्यांचे माग बसले. तोच पैसा पाटबंधाऱ्यांवर लावला असता तर काय झाले असते, हा प्रश्न १८७६-७८ चा दुष्काळ पाहिलेल्या सोलापुरात कोणालाही फोड करून सांगावा लागला नसता.

एखादी सोय चांगली की वाईट, या प्रश्नात जोशी अडकत नाहीत. तिच्यामागे जे इतर उद्योग उभे राहायला हवे होते ते कोणत्या देशात उभे राहिले, हे ते तपासतात. विकासाच्या अर्थशास्त्राने पुढे विसाव्या शतकाच्या मध्यात या विचाराला पारिभाषिक नाव दिले आणि तो जगभर शिकवला जाऊ लागला.

गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हा तिशी-एकतिशीतल्या त्या प्राध्यापकाची तयारी करून घेणारे दोघे होते, रानडे आणि जोशी. २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे भाषण केले, त्याने सरकारी बाके चपापली. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ रयत सुखी आहे असा होत नाही. गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो एवढाच त्याचा अर्थ, हा त्या भाषणाचा कणा होता. त्यामागच्या आकड्यांच्या जुळणीत जोशींचा हात होता. गोखले पत्रे लिहून शंका विचारीत, आकडे मागवीत, आणि जोशी उत्तरे पाठवीत. भाषण गोखल्यांचे म्हणून इतिहासात गेले, आणि ते योग्यच आहे, बोलण्याचे धैर्य आणि कौशल्य त्यांचे होते. पण गुरूचे नाव तळटीपेतसुद्धा क्वचित येते. जोशी वारल्यावर १९१२ मध्ये पुण्याच्या आर्यभूषण छापखान्याने त्यांचे लेख आणि भाषणे एकत्र छापली, तेव्हा कुठे त्या लेखनावर त्यांचे नाव आले. नंतर १९६६ मध्ये बिपन चंद्र यांनी आर्थिक राष्ट्रवादाच्या उदयावरचा ग्रंथ लिहिला. त्यात दादाभाई, रानडे आणि रमेशचंद्र दत्त यांच्या बरोबरीने जोशी पानोपानी भेटतात. मराठीत मात्र त्यांच्यावर धड शंभर पानेही वाचायला मिळू नयेत, ही खंत मनात धरूनच मी ही प्रस्तावना लिहायला घेतली.

प्रस्तावना लिहिणाऱ्याने नुसती स्तुती करावी असे मला वाटत नाही. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि शिष्याचे बरेच मुद्दे आपल्याला मान्य नाहीत हे गुरूने त्यातच नोंदवले आहे. तरीही प्रबंध ताजा आणि विचार करायला लावणारा आहे, असे ते सांगतात. मला हा आदर्श आवडतो, म्हणून माझे दोन मतभेद नोंदवतो.

पहिला हिशेबाचा. ‘आमच्या थैल्या रिकाम्या झाल्या’ ही तर्खडकरांच्या काळची भाषा मनाला भिडते, पण तिने चित्र चुकीचे उभे राहते. नाण्यांच्या पेट्या जहाजात भरून जात होत्या असे नव्हे. उलट चांदी बाहेरून इथे येतही होती. जात होता माल. कापूस, नीळ, अफू, धान्य बाहेर जाई, आणि त्यातल्या मोठ्या हिश्शाची किंमत इथल्याच करातून चुकती होई. हे बारकावे दादाभाई आणि जोशी यांच्या लेखनात स्पष्ट झाले. १८४१ च्या पत्रांत ते धूसर आहेत.

दुसरा मतभेद जास्त गंभीर. हे सगळे लेखक मुंबईच्या बंदरावर किंवा सरकारी तक्त्यांवर उभे राहून बघतात. देशाबाहेर काय गेले हे त्यांना स्वच्छ दिसते. शेतातून गावाच्या वेशीपर्यंत येतानाच काय गेले, ते अंधुक दिसते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. त्यांना हवी होती खतेपत्रे, ती त्यांनी ओढून काढून जाळली. त्या कागदांवर कुणब्याची सही नसे, नांगराची निशाणी असे. कोणता कागद आपल्याला बुडवतो हे त्या लोकांना कोणा मास्तराने शिकवले नव्हते. हा विचार कागदावर आणला तो जोतीराव फुल्यांनी, १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये. सरकारचा सारा आहेच, पण त्याच्या जोडीला कुलकर्ण्याची लेखणी, भटाची दक्षिणा आणि सावकाराचे व्याज यांचा हिशेब फुले एका जागी मांडतात. एवढ्यावर न थांबता ते पलटणीतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या शिपायांकडून ताली आणि बंधारे बांधून घ्या, पावसाचे पाणी आणि रानातला गाळ शेतातच जिरवा, जनावरांची पैदास सुधारा, असे सांगतात. बांधकामाची कंत्राटे घेतलेल्या माणसाचे हे बोलणे आहे. जोशी आणि फुले एकाच दशकात लिहीत होते, एकाच मुलुखाबद्दल लिहीत होते. त्या दोघांचे हिशेब एकमेकांशी ताडून पाहिले गेले नाहीत, आणि त्याची किंमत पुढे सहकार, कूळकायदा आणि पाटबंधारे या तिन्ही बाबतींत महाराष्ट्राने मोजली असे माझे मत आहे. म्हणून या संग्रहात ‘असूडा’तला उतारा जोशींच्या लेखाला लागूनच ठेवण्याचा आग्रह मी धरला. ही जवळीक काहींना खटकेल.

मूळ मजकुरात ढवळाढवळ केलेली नाही. जुने अनुस्वार तसेच ठेवले आहेत. चार पानांत डोळ्यांना सवय होते. इंग्रजीतून आणलेल्या मजकुरात नाणी आणि वजने मूळचीच ठेवली आहेत. पौंड, शिलिंग, खंडी, मण यांचा आजच्या रुपयांत भाव करण्याचा मोह टाळला, कारण तसा आकडा दिसायला सोपा आणि अर्थाने फसवा असतो.

वाचायला कुठून सुरुवात करावी असे विद्यार्थी मला विचारतात. काळाच्या क्रमाने जाऊ नका. आधी जोशींचा रेल्वेवरचा लेख घ्या. तो सावकाश वाचावा लागतो, शेजारी कोरा कागद आणि पेन्सिल लागते, आणि प्रत्येक कोष्टकाची बेरीज स्वतः करून पाहावी लागते. मग फुले वाचा, एका बैठकीत, शक्य तर मोठ्याने. त्यानंतर मागे जाऊन तर्खडकरांची आठ पत्रे वाचा आणि शेवटी रामकृष्ण विश्वनाथ. सगळ्यांत आधी लिहून ठेवलेला ‘पुढे काय’ हा प्रश्न मग शेवटी तुमच्या हातात येईल.